मिशेरीच्या डबीचं झाकण

२४ फेब्रुवारी, सोमवार

दोरी अकरा वेळा ओढली. इंजिन गप्प. बाराव्यांदा ओढायला गेले तर खांद्यानेच नकार दिला.

नरेश बांधावर उभा राहून बघत होता. माझा एकुलता एक मुलगा, पण उभा असा की रस्त्याने जाणारा पाव्हणा. म्हणाला, "आये, त्ये इंजिन बाबांचा हात वळखतं. तुझ्याच्यानं न्हाय व्हायचं."

म्हातारा दिवाळी झाल्यावर गेला. त्यानंतर वाल दवावरच निघाला, पाणी लागलं नाही. आता भेंडी, काकडी, लाल माठ, आठ वाफे माना टाकून बसलेत. विहिरीत पाणी आहे, वर चढवायला काही नाही. विजेची लाईन होती ती शेजारच्या गोडाऊनसाठी खांब हलवला तेव्हाच गेली. राहिलं हे पेट्रोलचं इंजिन.

नरेशला ही जागा गोडाऊनवाल्याला ट्रक उभे करायला द्यायची आहे. भराव टाकायचा, सपाट करायचं. मी म्हटलं, वाफ्याला पाणी जातंय तोवर नाही. म्हणाला, "जातंय कुठं?" मग आपणच होळीची मुदत घातली, "हावलीपर्यंत इंजिनानं पाणी चढव. चढलं तं ठेव तुझी वाडी. न्हाय तं हावली झाली का डंपर येणार."

म्हणून ही वही. मी बोलते, सून लिहिते. सुरेखा बारावी शिकलेली, काल्हेरला गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते. ड्युटीवरून आली की चहा देऊन बसवते तिला. डायरी गोडाऊनवाल्यानेच दिवाळीला वाटलेली, वर सोनेरी अक्षरं. त्याच्याच डायरीत त्याच्याशी भांडण. बरं वाटतं. मी 'न्हाय' म्हणते, ही 'नाही' लिहिते. माझं बोलणं आधी शाळेत घालते, मग वहीत उतरवते.

खाली दोन ओळी सोडल्या नरेशच्या सहीसाठी. म्हटलं, तू सही कर, मी अंगठा देते. "घरातल्या घरात कसल्या सह्या," म्हणून जेवायला बसला. माझा अंगठा आहे. त्याची जागा रिकामी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

रिक्षाने भिवंडीला. इस्माईल मेस्त्रीकडे. म्हाताऱ्याचं इंजिन तोच बघायचा. दाढी पांढरी झाली, चष्मा दोऱ्याने बांधलेला. मला ओळखलं. "बड़े मियाँ गए, मालूम पड़ा अम्मा. बहुत बुरा लगा." मी म्हटलं, गया वो गया, इंजिन का बोलो.

"चोक लगाया था?"

चोक म्हणजे बाजूची ती छोटी दांडी. म्हाताऱ्याचा हुकूम, तिला हात लावायचा नाही. मी कधी लावला नाही. चाळीस वर्षांत जे दोन-चार हुकूम पाळले त्यातला हा एक, आणि तोच नडला.

मेस्त्रीने सांगितलं ते असं. इंजिन थंड असताना त्याला हवा कमी द्यायची, पेट्रोल जास्त. कार्बोरेटरच्या तोंडात एक गोल पत्ती असते, ती फिरून तोंड बंद करते. तो चोक. इंजिन तापलं की पत्ती उघडायची. मी म्हटलं, चुलीला फुंकर घालावी लागते, ह्याचा गळा दाबावा लागतो. मेस्त्री हसला. "कार्बोरेटर निकाल के लाओ. मैं उधर नहीं आ सकता, घुटना गया."

निकाल के लाओ म्हणे. जसं काही भोपळा आहे, वेलीवरून तोडून आणायचा.

पाणी: बारा बादल्या, हाताने. दोन वाफे ओले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दहा नंबरचा पाना पाहिजे होता. घरातली पेटी नरेशच्या गाडीत, आणि गाडी पडघ्याला. मुद्दाम नेली असेल असं मी म्हणत नाही. सुरेखा, 'म्हणत नाही' असंच लिही.

गोडाऊनसमोर एक ट्रक उभा होता. ड्रायव्हर खाली उतरून दात घासत होता. त्याच्याकडून पाना मागून आणला. त्याने विचारलं, "माताजी, क्या खोलना है?" म्हटलं, मेरे बेटे का मुँह. त्याला वाटलं माझं हिंदी कच्चं आहे.

मला अक्षर येत नाही, नंबर येत नाहीत. म्हणून काढलेली प्रत्येक वस्तू पत्रावळीवर ओळीने मांडली. पहिली काढलेली डावीकडे, शेवटची उजवीकडे. पानात वाढतात तसं. मीठ डावीकडे, भात मध्ये. बसवताना उजवीकडून जेवायला सुरुवात करायची. कोंबडी पत्रावळीवर चढली, तिला तेवढी हाकलली.

कार्बोरेटर हातात आला. केवढासा! पेल्याएवढा. दांडी फिरवली. दांडी फिरते, आतली काडी फिरते. तोंडात डोकावले तर आरपार दिसतंय. काडीला मधोमध चीर, चिरेत दोन भोकं. पत्ती नाहीच.

पत्ती नाही, तर म्हातारा इतकी वर्षं गळा दाबत होता तो कशाने?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवलं. भाकरी थापताना आठवलं, तवा तसाच ठेवून बाहेर आले. सुरेखा म्हणाली करपली. करपू दे.

म्हातारा इंजिन चालू करायचा तेव्हा घराकडे पाठ करून उभा राहायचा. उजव्या हातात दोरी. डावा हात पुढे, दिसायचा नाही. आम्हाला वाटायचं इंजिनाला धरून उभा आहे. धरून नव्हता. डावा तळवा कार्बोरेटरच्या तोंडावर ठेवायचा! जेवायला बसला की डाव्या हाताला पेट्रोलचा वास, आणि मी म्हणायची, साबण काय देवाला वाहिलाय?

गावभर मिरवलं, इंजिन माझ्या हाताला ओळखतं. ओळखतं कसलं. तळव्याने बूच मारत होतास, लबाडा.

नरेश आला तेव्हा विचारलं. "बाबा हात ठेवायचे ना रे तोंडावर?" मोबाईलमधून मान वर काढली नाही. "मला काय म्हाईत."

२ मार्च, रविवार

मेस्त्रीकडे. पहिला रोजा. मी बटव्यातून मिशेरी काढली आणि मग लक्षात आलं, परत आत ठेवली. तो म्हणाला, "अम्मा, आप करो, मेरा रोज़ा आपकी डिब्बी से नहीं टूटता."

कार्बोरेटर बघून डोक्याला हात लावला. पत्ती त्यानेच काढली होती. खूप वर्षांपूर्वी. स्क्रू ढिले होऊन इंजिनात जातील म्हणून काढली, आणि म्हाताऱ्याला सांगितलं, नवी मिळेपर्यंत हाताने काम चालव. "नई मिली नहीं. बड़े मियाँ पूछे भी नहीं फिर." कशाला विचारेल? चांगला मान मिळत होता.

आता ती पत्ती मिळत नाही. दुसरा कार्बोरेटर बसत नाही, भोकं वेगळी. मेस्त्री म्हणाला, तुम्ही पण हातच लावा.

घरी येऊन कार्बोरेटर बसवला, पत्रावळीवरून उलट. मग लावला हात. दोरी पलीकडे, तोंड अलीकडे. म्हातारा होता ताडासारखा, माझे हात तेवढे लांब नाहीत. तळवा ठेवला तर दोरी अर्धीच येते. एकदा इंजिन शिंकलं, तळव्यावर गरम फुत्कार. लाल झालाय.

सुरेखाला म्हटलं, आज सुट्टी आहे, तू तळवा ठेव, मी दोरी ओढते. ती उभी राहिली नुसती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. म्हटलं, घाबरतेस?

"आई, मला माहीत होतं."

कशाचं?

"हाताचं. बाबांच्या बाराव्याला भांडी घासायला पाणी यांनीच काढलं. तुम्ही आत बायकांत बसला होता. यांनी हात ठेवला आणि पहिल्या झटक्यात चालू झालं. मला म्हणाले, आईला सांगू नकोस."

आठवडाभर माझं सगळं लिहून घेतलंस, माझ्या बारा बादल्या लिहिल्यास, आणि हे पोटात ठेवून बसलीस? थांबू नको, लिही. मी रागावले नाही. रागावले आहे, पण तुझ्यावर कमी.

तिचा तळवा मी नाही लावून घेणार. आज तिने हात लावला तर उद्या तिला घरात उत्तर द्यावं लागेल. आणि म्हाताऱ्याच्या हातावर चाललेली वाडी म्हातारा गेला की बंद पडते, ते बघितलं. नरेशच्या हातावर चालवली तर तो हात काढेल तेव्हा बंद. मला पत्ती पाहिजे. मी ओढीन तेव्हा चालू झालं पाहिजे.

नरेशला काही बोलायचं नाही. तुलाही सांगून ठेवते. त्याला कळायचं तेव्हा कळेल.

४ मार्च, मंगळवार

मिशेरीची डबी. तिचं झाकण. पत्रा बरोब्बर पाहिजे तेवढा जाड, ना वाकतो ना तुटतो. गेली वीस-बावीस वर्षं रोज हातात आहे. आता मिशेरी पुडीत बांधून ठेवली, सुरेखाच्या कपाटात लवंगांच्या शेजारी. तिची लवंग बिघडेल. बिघडू दे.

कार्बोरेटर परत खोलला. माप कसं घ्यायचं? तांदळाच्या भाकरीचं पीठ मळलेलं होतं. गोळा घेतला, तोंडात दाबला, अलगद काढला. बरोब्बर गोल छाप. पिठाची चकती झाकणावर ठेवली, खिळ्याने रेघ मारली, पत्र्याच्या कात्रीने कापलं, पाट्यावर घासून कडा काढल्या. तीनदा कमी केली. चौथ्यांदा आत गेली आणि फिरली.

म्हाताऱ्याला हे सुचलं नसतं. त्याने कधी पीठ मळलं नाही.

६ मार्च, गुरुवार

पत्ती तारेने बांधून इंजिन लावलं. खोकत पण नाही. आधी निदान शिंकत तरी होतं.

भेंडीची खालची पानं पिवळी. सहा वाफे चालू आहेत, दोन सोडून दिले. सोडताना जीव... असो.

न. म्हणाला, "आये, खांदा दुखतो ना तुझा?" लई काळजी. म्हटलं, दुखतो, पण माझाच आहे. (नरेश सारखं लिहायला सुरेखा कंटाळते, न. लिहिते. नवऱ्याचं एकच अक्षर ठेवलंय.)

८ मार्च, शनिवार

परत भिवंडी. मेस्त्रीने कार्बोरेटर खोलला, पितळेचा जेट काढला, ज्याच्या सुईएवढ्या भोकातून पेट्रोल येतं. उजेडासमोर धरला. मग टाचणीने टोकरलं. पांढरं पांढरं निघालं. वास घेतला.

"अम्मा, इंजिन को रोटी खिलाई?"

रोटी नाही, म्हटलं. भाकरी. तांदळाची.

दुकानातली सगळी पोरं पोट धरून हसली. उपाशी पोटं, तरी. छाप घेताना पीठ आत राहिलं आणि सुकून बसलं. माझीच चूक. छाप घ्यायचा तर आधी तेलाचं बोट फिरवायला हवं होतं, करंजीच्या साच्याला फिरवतो तसं. हे मला माहीत असून विसरले.

हवेच्या पाईपने साफ करून दिला. पत्ती मात्र चार वेळा फिरवून बघितली. मग डबा उघडून दोन बारीक स्क्रू शोधून दिले. "पीछे से नोक को हल्का ठोको, चपटा करो. नहीं तो ढीला होके अंदर जाएगा, फिर इंजिन ख़तम." तेच, ज्याच्यासाठी त्याने पहिली काढली होती. काही घेतलं नाही त्याने. मी पिशवीतून काकड्या काढून दिल्या, रोजा सोडताना खायला. म्हटलं, बादलीच्या पाण्याच्या आहेत, कडू निघाली तर मला सांगू नकोस.

सुरेखाला गोडाऊनमध्ये गुलाब दिला. महिला दिन. ड्युटी तेवढीच.

१० मार्च, सोमवार

सकाळी वाडीत गेले तर पांढरी रेघ. चुन्याची. विहिरीपासून बांधापर्यंत सरळ, माझ्या माठाच्या वाफ्यातून. गोडाऊनवाल्याचा माणूस मापं घेऊन गेला म्हणे. होळी अजून तीन दिवस लांब.

खराटा घेतला आणि रेघ झाडली. माठावर पडलेला चुना एकेका पानावरून पुसला. नरेश आला. "आये, ती नुसती खूण हाय." म्हटलं, मी पण नुसतं झाडतेय.

दुपारी पत्ती बसवली. स्क्रू बसवले, नोका ठोकल्या, अडकित्त्याची पाठ हातोडी म्हणून. दांडी ओढली, तोंड बंद. दोरी ओढली. चालू झालं!

सात-आठ धडधडी. मग काळा धूर, भसाभसा, आणि बंद. प्लग काढला तर पेट्रोलने ओला. पुन्हा पुसून लावला, पुन्हा तेच. चालू, धूर, बंद.

रडू आलं नाही. लिही, आलं नाही. विहिरीच्या कठड्यावर थोडा वेळ बसले एवढंच.

१२ मार्च, बुधवार

काल दिवसभर विचार. आज भात ठेवला आणि झाकण गच्च बसवलं, मुद्दाम. उतू गेला. झाकण जरा तिरकं केलं, पेज खाली बसली. बघत राहिले. सुरेखा कामाला जाता जाता म्हणाली, आई, भात कधी बघितला नाही का?

बघितला गं. इंजिन नव्हतं बघितलं.

माझी पत्ती फार चांगली बसली होती, तेच चुकलं. हवा बिलकुल जात नव्हती, म्हणून पेट्रोल उतू गेलं. म्हाताऱ्याच्या बोटांमधून फट राहत असणार. पत्ती काढली, मधून जरा बाजूला खिळ्याने भोक पाडलं, तांदूळ जाईल एवढं. कडा घासली. परत बसवली, परत नोका ठोकल्या.

तिसऱ्या झटक्याला चालू. काळा धूर नाही. दांडी अर्धी सोडली, आवाज मोकळा झाला. सगळी सोडली, आणि असं चाललं जसं काही कधी बंदच नव्हतं. पाईप फुगला, थुंकला, एक बेडूक बाहेर टाकला, आणि पाणी. पाटातून पहिल्या वाफ्यात, दुसऱ्यात. सोडून दिलेल्या दोन वाफ्यांना पण पाजलं. उशीर झालाय त्यांना, तरी.

बघायला फक्त तो ट्रक ड्रायव्हर. पाना परत द्यायचा राहिला होता. म्हणाला, "माताजी, किसने बनाया?" मी डबी दाखवली, बिनझाकणाची.

नरेश पडघ्याला. फोन करू का, सुरेखाने विचारलं. नको. उद्या होळी आहे. शब्द होळीपर्यंतचा आहे. त्याच्या डोळ्यांदेखत.

१३ मार्च, गुरुवार. होळी

सकाळीच नरेशला वाडीत नेलं. सुरेखा पण आली, सुट्टी टाकून. इंजिन थंड. मी दोरी त्याच्या हातात दिली. म्हटलं, तू चालू कर.

"मी कशाला?"

कर तर.

तो पुढे झाला. दोरी गुंडाळली. पाय टेकवला. आणि काही विचार न करता डावा तळवा कार्बोरेटरच्या तोंडावर नेऊन ठेवला.

तिथेच थांबला. हात तसाच. सुरेखा भेंडीकडे बघायला लागली, जशी पहिल्यांदाच भेंडी दिसतेय. नरेशचे कान लाल. लहानपणी चिंचा चोरल्या की असेच व्हायचे.

मी म्हटलं, "हात काढ. झाकण आहे आता त्याला."

हात काढला. वाकून तोंडात बघितलं. माझी डबी ओळखली त्याने. झाकणावर एक हिरवा ठिपका होता रंगाचा, तो बरोब्बर पत्तीवर आलाय. पत्तीकडे बघत कितीतरी वेळ वाकून राहिला.

मी दांडी ओढली, दोरी ओढली. दोन झटक्यांत चालू. पाणी गेलं आठही वाफ्यांत. तो पाटाच्या कडेला उभा, चपला ओल्या होईपर्यंत हलला नाही.

मग म्हणाला, "आये, डंपरवाल्याला परवाचं सांगितलंय. आता..."

संध्याकाळी होळीत नारळ टाकला. लोक बोंबलत होते, मी पण बोंबलले, कोणाच्या नावाने ते सांगत नाही. सुरेखाला माहीत आहे, ती पण माझ्या शेजारी उभी राहून त्याच नावाने.

१५ मार्च, शनिवार

डंपर आला. भरलेला. बांधाला लागून उभा राहिला, मागची फळी अर्धी सैल. ड्रायव्हर ओरडला, "किधर डालना है?"

मी इंजिनाजवळ गेले. चोक लावला, दोरी ओढली. खांदा आज बरा आहे.

नरेश डंपर आणि वाफे यांच्या मधल्या बांधावर उभा. तिथून हात वर केला. "रुको." जा म्हणाला नाही. रुको म्हणाला.

ड्रायव्हरने गाडी बंद केली, खाली उतरला, आणि माझ्या पाटात पाय धुवायला बसला. म्हटलं, धू, पण माठ तुडवू नकोस.

नरेश माझ्याजवळ आला. इंजिनाच्या आवाजात ओरडून विचारलं, "आये, चोक कवा सोडायचा?" म्हटलं, इतकी वर्षं बापाच्या मागे उभा होतास, आवाज ऐकला नाहीस? कान दे. त्याने कान दिला. दांडीवर माझा हात होता, त्याने आपला त्यावर ठेवला नाही, शेजारी ठेवला. मग अर्धी सोडली त्याने. थोड्या वेळाने सगळी. बरोब्बर सोडली.

त्यानंतर बांधावर जाऊन बसला. गोडाऊनवाल्याचा फोन वाजत होता, उचलला नाही, बंद पण केला नाही.

आता ऊन उतरलं. डंपर भरलेला उभाच आहे. भेंडीला फूल आलंय एक, सोडून दिलेल्या वाफ्यात.

सुरेखा विचारते, पुढे काय लिहू. म्हटलं, पेन बाहेर घेऊन जा. वही त्याच्या मांडीवर ठेव, पहिलं पान उघडून. दोन ओळी तिथे अजून मोकळ्या आहेत.